जमिनीवर पसरलेला युनिकॉर्न: न जुळणाऱ्या फोटोंचं एक प्रकरण

वरकरणी काम साधं होतं. एक जुनं कापड जमिनीवर पसरायचं, वर कॅमेरा टांगायचा, तीन-तीन फुटांचा एकेक चौकोन टिपत पुढे सरकायचं आणि शेवटी सगळे चौकोन संगणकावर शेजारी शेजारी लावून अख्खं चित्र उभं करायचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९९८ साली हे काम काढलं तेव्हा जाणकार माणसांची आणि साधनांची वानवा नव्हती. फोटोही सुरेख आले, धागा न् धागा दिसेल इतके स्पष्ट. दोनशेहून जास्त सीडी भरल्या. मग जोडायला बसले, आणि शेजारचे दोन चौकोन काही केल्या एकमेकांना लागेनात.

जुने नकाशे, दस्त आणि क्वचित कापडं स्कॅन करून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यामुळे हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आश्चर्य कमी वाटलं आणि हायसं जास्त वाटलं. एवढ्या मोठ्या म्युझियमचीही अशी फजिती होते तर! त्या फजितीमागचं कारण मात्र आमच्या धंद्यातल्या नेहमीच्या कारणांपैकी नव्हतं. म्हणून ते नीट उलगडून सांगावंसं वाटतं.

कापड कसलं, तर शिकारीचं

हे कापड म्हणजे 'युनिकॉर्नची शिकार' या नावाने ओळखले जाणारे सात भिंतपट. युनिकॉर्न म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला, घोड्यासारखा, गोष्टींतला प्राणी. लोकर आणि रेशीम, मधूनमधून चांदीची आणि सोन्याचा मुलामा दिलेली जर. साधारण १४९५ ते १५०५ या काळातले. नमुने पॅरिसमध्ये रेखाटले गेले आणि विणकाम नेदरलँड्सच्या दक्षिण भागात, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या मुलखात झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एकेक पट बारा फुटांच्या आसपास उंच. आपल्या फ्लॅटच्या भिंतीवर लावायचा म्हटला तर खालचे दोन-तीन फूट जमिनीवर लोळतील.

गोष्ट सांगायची तर, सरदार मंडळी कुत्री घेऊन रानात शिरतात. एका कारंज्यापाशी त्यांना युनिकॉर्न सापडतो. तो आपलं शिंग ओढ्याच्या पाण्यात बुडवून विष उतरवतोय, आणि सिंहापासून हरणापर्यंत सगळी जनावरं पाणी शुद्ध व्हायची वाट बघत थांबली आहेत. युनिकॉर्नच्या शिंगाने विष उतरतं अशी तेव्हा युरोपात पक्की समजूत होती, आणि नारव्हाल नावाच्या समुद्री प्राण्याचा लांबलचक दात 'युनिकॉर्नचं शिंग' म्हणून भरमसाट किमतीला विकला जाई. पुढच्या पटात तो ओढा ओलांडून पळू बघतो, त्यानंतरच्यात उलटून लढतो. मग एका कुमारिकेच्या सहवासात शांत होतो आणि तिथेच फसतो. त्याला भाल्यांनी मारून घोड्यावर टाकून गढीवर आणतात. आणि सातव्या पटात तोच, किंवा दुसराच कुणी, जिवंत होऊन डाळिंबाच्या झाडाला सोन्याच्या साखळीने बांधलेला, गोल कुंपणात निवांत बसलेला दिसतो. अंगावरचे लाल ओघळ रक्ताचे नसून वरच्या डाळिंबांतून गळलेल्या रसाचे आहेत, असं वाचलं जातं. हा सातवा आणि पहिला पट मुळात याच संचातले होते का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. या दोन्हींची पार्श्वभूमी फुलाफुलांची आणि सपाट आहे, तर मधल्या पटांत खरंखुरं रान दिसतं.

कुत्र्यांकडे मात्र सगळ्यांनी थांबून बघावं. युरोपातल्या त्या काळच्या शिकारीत कुत्र्यांची कामं वाटलेली असत. एक जात वासावर माग काढणारी. ती दोरीला बांधलेली, नाक जमिनीला. दुसरी नजरेवर धावणारी, म्हणजे ग्रेहाउंड. पातळ पोट, खोल छाती, लांब तोंड. आपल्याकडचा कारवानी किंवा मुधोळ कुत्रा पाहिलेल्या माणसाला ही ठेवण लगेच ओळखू येईल. पटांत दोन्ही जाती शेजारी शेजारी आहेत आणि विणकराने त्यांचा स्वभावही वेगळा दाखवलाय. चौथ्या पटात युनिकॉर्न मागच्या पायांनी एका शिकाऱ्याला लाथ घालतोय आणि त्याच दमात पुढे शिंगाने एका ग्रेहाउंडला भोसकतोय. कुत्र्याच्या फाटलेल्या अंगातून रक्त येतंय. ते रक्त म्हणजे लाल रंगवलेला धागा, शेजारच्या फिकट धाग्यांमध्ये अडकवलेला. आता हा 'अडकवलेला' शब्द जरा लक्षात ठेवावा लागेल, कारण प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

माग आडवा, चित्र उभं

पैठणी जवळून पाहिलेल्या माणसाला टॅपेस्ट्री, म्हणजे असा विणलेला भिंतपट, समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. पैठणीच्या पदरावरचा मोर छापलेला नसतो, भरतकामही नसतं. मोराच्या अंगात जितके रंग, तितक्या वेगळ्या कांड्या. विणकर आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत नेत नाही. ज्या रंगाचं काम जिथे संपतं तिथूनच तो मागे वळवतो. टॅपेस्ट्रीचं तंत्र हेच. फरक असा की पैठणीत शेजारचे दोन रंग वळताना एकमेकांत गुंफले जातात, त्यामुळे कापड सलग राहतं आणि पदर उलटा केला तरी मोर तसाच स्वच्छ दिसतो. हातमागाची पैठणी ओळखायला बायका पदर उलटा करून बघतात ते याचसाठी. युरोपच्या टॅपेस्ट्रीत मात्र पुष्कळदा दोन रंग सरळ रेषेत भेटले की मध्ये फट राहते. ती नंतर सुईने शिवतात. म्हणजे अख्ख्या पटभर बारीक बारीक शिवणी असतात, आणि वर्षं सरली की आधी त्याच उसवतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पट मागावर आडवा विणला जातो. झाड, माणूस, कुत्रा, सगळं कुशीवर झोपलेलं. विणून झाल्यावर पट मागावरून काढून नव्वद अंशात फिरवतात आणि टांगतात. त्यामुळे मागावर जो ताणा होता, म्हणजे मजबूत, न रंगवलेला, ओढ सहन करणारा धागा, तो भिंतीवर आडवा होतो. आणि सगळं वजन येतं बाण्यावर, म्हणजे त्या रंगीत, मऊ, जागोजागी तुटक धाग्यांवर. पाच शतकं हा भार त्यांनी पेलला आहे. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की घडीवर चिरते, म्हणून आमच्याकडे दर काही महिन्यांनी घडी मोडून नवी घालतात. या पटांना तसं कोण करणार?

आणि तिसरी गोष्ट. विणकर मागच्या बाजूने काम करतो. धाग्यांची टोकं, गाठी, एका रंगाकडून दुसऱ्याकडे उडी मारणारे दोरे त्याच्या डोळ्यांसमोर असतात. चित्राची सुलट बाजू पलीकडे असते. महिनोन् महिने तो ज्या युनिकॉर्नकडे बघत बसतो तो उलटा, आरशातल्यासारखा असतो.

कोणी कोणी कसा वापरला

हे पट कोणासाठी विणले ते ठाऊक नाही. प्रत्येक पटात दोरीने बांधलेली ए आणि उलटी ई ही अक्षरं दिसतात, आणि त्यांच्यावरून आजवर बरेच तर्क लढवले गेले आहेत. कागदावर हे पट पहिल्यांदा दिसतात ते १६८० साली, पॅरिसमध्ये, फ्रांस्वा द ला रोशफुको या सरदाराच्या मृत्यूनंतर केलेल्या घरातल्या सामानाच्या यादीत. १७२८ च्या यादीत ते त्या घराण्याच्या व्हेर्तेय इथल्या गढीत आहेत. पाच शयनगृहात टांगलेले आणि दोन अडगळीत. हा तपशील मला फार आवडतो. आज ज्यांच्यासाठी माणसं विमानाने न्यूयॉर्कला जातात त्यातले दोन तेव्हा अडगळीच्या खोलीत पडले होते.

१७९३ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, गढी लुटली गेली. पट गावकऱ्यांच्या हाती पडले. त्यांनी ते बटाट्यांवर आणि झाडांवर थंडीपासून बचाव म्हणून पांघरले, असं सांगितलं जातं. १८५० च्या दशकात घराण्याने ते शोधून परत मिळवले. हा किस्सा सांगताना सांगणारे सहसा गावकऱ्यांना हसतात. मला ते हसणं पटत नाही. जाड, घट्ट विणीचा लोकरी पट थंडी अडवतो, आणि दगडी गढीच्या भिंतींवर तो टांगला जायचा त्याचं अर्धं कारणही तेच होतं. सरदाराने भिंतीला जे घोंगडं लावलं, तेच गावकऱ्याने बटाट्याला लावलं.

पुढचा प्रवास श्रीमंतांचा आहे. १९२२ मध्ये धाकट्या जॉन रॉकफेलरने यांतले सहा पट दहा लाखांहून जास्त डॉलर मोजून घेतले, न्यूयॉर्कमधल्या राहत्या घरी लावले आणि १९३७ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, हडसन नदीकाठच्या फोर्ट ट्रायन पार्कमध्ये म्युझियमने मध्ययुगीन कलेसाठी बांधलेलं 'द क्लॉइस्टर्स' १९३८ मध्ये उघडलं. तेव्हापासून पटांचा मुक्काम तिथेच.

अस्तर काढलं तेव्हा

१९९८ मध्ये क्लॉइस्टर्समधल्या त्या दालनाची डागडुजी निघाली. त्या निमित्ताने पट उतरवले आणि सेंट्रल पार्कच्या कडेला असलेल्या म्युझियमच्या मुख्य इमारतीत कापडांच्या संवर्धनाच्या प्रयोगशाळेत आणले. पटांच्या पाठीला जुनं अस्तर शिवलेलं होतं. ते टाका टाका करून सोडवलं.

खाली रंग होते. पुढच्या बाजूचे रंगही पाचशे वर्षांच्या मानाने उत्तमच आहेत, पण पाठीवर ते जवळजवळ कालच रंगवल्यासारखे होते. हिरवा तर खराखुरा हिरवा.

याचं कारण रंगाऱ्याच्या हंड्यात आहे. या पटांमधले रंग मुख्यतः तीन वनस्पतींचे. लाल मॅडरचा, जी आपल्या मंजिष्ठेची चुलत बहीण. पिवळा वेल्ड नावाच्या रोपाचा. निळा वोडचा. वोडमध्ये रंगद्रव्य तेच जे आपल्या निळीत असतं, फक्त बरंच कमी. या तिघांच्या मिश्रणातून आणि कमीजास्त बुडवण्यातून बाकीच्या सगळ्या छटा. हिरवा धागा हवा तर निळ्यावर पिवळा चढवायचा. लाल-पिवळा धरून ठेवायला तुरटी. यात वेल्डचा पिवळा उन्हाला सगळ्यात आधी शरण जातो आणि वोडचा निळा टिकून राहतो. म्हणून जगभरच्या जुन्या टॅपेस्ट्रींमधली झाडं निळसर दिसतात. प्रेक्षकांना ती कवीकल्पना वाटते, प्रत्यक्षात तो उडालेला रंग असतो. अस्तराखालच्या पाठीला ऊन लागलेलंच नव्हतं, म्हणून तिथे पिवळाही शाबूत होता आणि हिरवाही.

न्यूयॉर्कच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९४१ मध्येच या पटांमधल्या झाडाफुलांची मोजदाद केली होती. १०१ जाती, त्यांतल्या ८५ ओळखता आलेल्या. पान बघून झाड ओळखता येतं म्हणजे विणकराने आणि नमुना काढणाऱ्याने रोप समोर ठेवलेलं असणार, किंवा डोळ्यांत तरी साठवलेलं असणार. सातव्या पटात उजवीकडे खाली, फुलांच्या गर्दीत एक इवलासा बेडूक बसलाय. तो शोधायला मुलांना लावावं.

तर पट धुवायचे ठरले, शुद्ध केलेल्या पाण्यात, मोठ्या उथळ हौदात. आणि तेव्हाचे संचालक फिलीप द मॉन्टेबेलो यांनी सांगितलं की दोन्ही बाजूंचे फोटो झालेच पाहिजेत. निर्णय अगदी योग्य होता. पाठ आता पुन्हा अस्तराखाली जाणार होती, आणि परत उघडायला कदाचित एक-दोन पिढ्या लागणार होत्या.

चौकोन का लागेनात

इथून पुढे मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रकरण खरं इथेच आहे.

मोठी वस्तू तुकड्यांत टिपताना शेजारच्या दोन फोटोंत थोडी पट्टी सामाईक ठेवतात. समजा त्या पट्टीत एक फूल आहे आणि खाली कुत्र्याचा पंजा. दोन्ही फोटोंतलं फूल एकमेकांवर ठेवलं की पंजाही आपोआप एकमेकांवर बसायला हवा. नाही बसला तर आम्ही आधी कॅमेऱ्याला दोष देतो. भिंगाने कडा वाकवल्या असतील, कॅमेरा तिरका झाला असेल, उंची बदलली असेल. या सगळ्या चुकांचं एक बरं असतं. त्या ठरावीक नियमाने होतात, त्यामुळे हिशोब करून काढून टाकता येतात.

इथे तसं नव्हतं. फूल बसवलं की पंजा सरके, पंजा बसवला की फूल. एका जोडीत डावीकडे, तर दुसऱ्या जोडीत खाली. रंगही एका चौकोनात थोडा वेगळा, दुसऱ्यात वेगळा. शिवाय त्या काळच्या संगणकांना एवढ्या वजनदार फाइली पेलतही नव्हत्या. शेवटी त्या सीडी कपाटात गेल्या.

मला हे वाचताना स्वतःचं एक काम आठवलं. एका ओळखीच्या घरी आजीची नऊवारी पैठणी होती, आणि नातीला ती पूर्ण लांबीत, खऱ्या मापात छापून फ्रेम करायची होती. मी ती दिवाणखान्यात सतरंजीवर पसरली, वर स्टँड लावला, पदरापासून सुरुवात केली. दुपारी जेवायला थांबलो, परत आलो आणि पुढचे फोटो काढले. घरी येऊन जोडतो तर जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा काठ बोटभर चुकतोय. मी स्टँडला शिव्या दिल्या. नातीला सांगितलं की कॅमेरा हलला. पैठणी हलली असेल हे डोक्यातही आलं नाही. मधल्या वेळात कुणीतरी पंखा लावला होता, बाहेर पावसाची सर येऊन गेली होती, आणि नऊ वार रेशीम-जर निवांतपणे आपली जागा बदलत होती.

न्यूयॉर्कमध्येही हेच घडलं होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. लोकर हवेतलं पाणी पिते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही ती हाताला ओली लागत नाही, आणि पिताना ती फुगते. रेशीम कमी पितं. जर, म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली धातूची पट्टी, ती तर काहीच पीत नाही. हे तिन्ही एकाच विणीत शेजारी शेजारी. त्यात हे कापड शतकानुशतकं उभं टांगलेलं, बाण्यावर सगळा भार घेतलेलं. आता अस्तर गेलं, धुणं झालं, आणि ते आयुष्यात बऱ्याच काळाने आडवं झालं. धागे सैलावले. खोलीतली हवा बदलली की ते हलायचे. एका चौकोनाचा फोटो काढून कॅमेरा पुढच्या चौकोनावर जाईपर्यंत कापड पहिल्यासारखं राहिलेलं नसे. म्हणजे फोटो सगळे अचूक होते. ते एकाच वस्तूचे नव्हते, इतकंच.

पाय मोजणारे दोन भाऊ

सीडी काही वर्षं तशाच पडून होत्या. मग ग्रेगरी आणि डेव्हिड चुदनोव्स्की या भावांच्या कानावर ही भानगड गेली. दोघे मूळचे कीव्हचे गणिती, न्यूयॉर्कमध्ये स्थायिक. १९९१ मध्ये घरच्या घरी, टपालाने मागवलेल्या सुट्या भागांतून महासंगणक जोडून त्यांनी पाय (π) या संख्येचे दोनशे कोटींहून जास्त अंक काढले होते. त्यांनी शोधलेलं पायचं सूत्र आजही विक्रम करणारे लोक वापरतात, आणि ते सूत्र श्रीनिवास रामानुजन यांनी १९१४ मध्ये मांडलेल्या सूत्रांच्याच वंशातलं आहे. मद्रासच्या एका कारकुनाच्या वहीतून निघालेला धागा असा युनिकॉर्नपर्यंत येऊन पोचतो म्हणायचा! अर्थात हा माझा लाडका योगायोग आहे. पटाच्या कामात पायच्या सूत्राचा काही हात नव्हता.

भावांनी सगळे सात पट हाती न घेता एकच घेतला, सातवा, कुंपणातल्या युनिकॉर्नचा. पटाची मापं साधारण बारा फूट उंच आणि सव्वाआठ फूट रुंद. त्यांनाही सुरुवातीला वाटलं की थोड्या दिवसांचं काम आहे. लागले महिने. चौकोन जुळत नाहीत हे त्यांनाही दिसलं, पण कॅमेऱ्यावर खापर फोडून ते थांबले नाहीत. कापड हलतंय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि तिथून सगळा हिशोब पालटला.

मग केलं काय? साध्या शब्दांत सांगायचं तर त्यांनी चौकोन सरकवणं सोडून दिलं. सामाईक पट्टीतली असंख्य ठिकाणं शोधायची, जसं एखाद्या पाकळीचं टोक किंवा साखळीची कडी. प्रत्येक ठिकाण या फोटोतून त्या फोटोत किती आणि कोणत्या दिशेने गेलंय ते काढायचं. असे हजारो बारीक बाण मिळाले की चौकोनाच्या आतल्या प्रत्येक बिंदूला आपापल्या बाणाप्रमाणे थोडं थोडं हलवायचं. शेजाऱ्याशी जमेल इतकं, पण आतलं चित्र फाटणार नाही इतपतच. पण एका शेजाऱ्याशी जमवून घेतलं की दुसऱ्याशी बिघडतं, म्हणून सगळ्या चौकोनांचं एकदमच जमवायचं. वाड्याच्या वाटणीत चार भाऊ असले तर दोघांचं मिटवून चालत नाही, चौघांना एकत्र बसवावं लागतं, तसं. रंगांचंही तेच. ताकदवान संगणकावर तो शेवटचा हिशोब चालवला तेव्हा कुठे सातवा पट पडद्यावर सलग उभा राहिला.

या जोडलेल्या चित्राविषयी मला एक गोष्ट खटकते आणि ती सांगायला हवी. ज्या अवस्थेत हा पट तिथे दिसतो, त्या अवस्थेत तो कधीच नव्हता. भिंतीवर नाही, मागावर नाही आणि त्या जमिनीवरही नाही. अनेक वेगवेगळ्या क्षणांच्या कापडाला समजावून सांगून एका क्षणात बसवलंय. अभ्यासाला ते अमोल आहे. पण उद्या कुणी त्याच्यावर मोजपट्टी ठेवून 'पट इतका आकसला' असं म्हणू लागला तर मी त्याला आधी थांबवीन.

आता मी स्वतः काय बदललं? कापडाचं काम आलं की ते आदल्या दिवशीच खोलीत पसरून ठेवतो, त्याला त्या खोलीची हवा लागू देतो. पंखा आणि खिडक्या बंद. एकदा सुरू केलं की जेवायला उठत नाही. सामाईक पट्टी पूर्वीच्या दुप्पट. आणि पहिला चौकोन सगळ्यात शेवटी पुन्हा एकदा टिपतो. दोन्हींत फरक दिसला तर कापड हललंय, कॅमेऱ्याला उगाच शिव्या द्यायच्या नाहीत. ती नऊवारी परत मागायला जाण्याचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.

जो पट जोडताच येत नाही

सातांपैकी पाचव्या पटाचं दुखणं निराळं. तो अख्खा नाहीच. कुमारिकेपाशी आलेला युनिकॉर्न ज्यात होता त्या पटाचे फक्त दोन अरुंद तुकडे उरले आणि ते १९३८ मध्ये म्युझियममध्ये आले. गुलाबांचं कुंपण आहे, शिंग फुंकणारा शिकारी आहे, कुत्री युनिकॉर्नला भिडली आहेत. तो मात्र त्यांच्याकडे बघतही नाही. तो मान वर करून जिच्याकडे बघतोय ती कुमारिका गेली, नाहीशी झाली. तिची बोटं तेवढी त्याच्या आयाळीवर उरली आहेत.

स्कॉटलंडमध्ये काही लोकांनी ती पुन्हा विणायची ठरवली. पाचव्या जेम्स राजाच्या १५३९ च्या सामानाच्या यादीत युनिकॉर्नच्या गोष्टीचे सहा पट नोंदलेले सापडतात. ते पट आज नाहीत. त्या नोंदीच्या आधारावर स्टर्लिंगच्या किल्ल्यासाठी न्यूयॉर्कच्या संचावरून नवे सात पट हाताने विणवून घेतले. इंग्लंडच्या वेस्ट डीन स्टुडिओच्या विणकरांना त्याला एक तपाहून जास्त काळ लागला, खर्च सुमारे वीस लाख पौंड. शेवटचा पट २०१५ मध्ये लागला आणि तो होता हाच, कुमारिकेचा. त्याच्या नमुन्याला मूळ नव्हतंच. दोन तुकडे, ती बोटं, त्या काळची इतर चित्रं, यांवरून हरवलेली बाई नव्याने रेखाटावी लागली. ते विणकर सहा पट पाहून शिकले आणि या शेवटच्याला स्वतः उत्तरं शोधत बसले. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातलं सगळ्यात धीट काम ते.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये धुणं आणि फोटो उरकल्यावर मूळ पटांच्या पाठीला पुन्हा कापड लागलं आणि ते क्लॉइस्टर्समध्ये आपापल्या भिंतीवर गेले. ताणा आडवा, बाणा उभा, भार पुन्हा बाण्यावर. ज्या बाजूला विणकर वर्षानुवर्षं तोंड करून बसले होते ती हिरवीगार बाजू परत भिंतीकडे.